चिं. वि. जोशी समग्र वाचताना

नमस्कार.

गेले आठ-नऊ महिने मी विनोदी लेखक चिंतामण विनायक जोशी यांची पुस्तके, हाती लागली तितकी सगळी, शक्य तितक्या प्रकाशनक्रमाने वाचत आहे. शाळेतल्या धड्यांमुळे आणि निवडक कथांच्या पुस्तकांमुळे चिं. वि. माझ्या परिचयाचे आहेत, असे मी आजवर समजत होते. सलग वाचल्यावर मात्र लक्षात आले की निवडक वाचनातून मला त्यांच्या कथांतले नायक आणि निवेदक चिमणराव भेटले होते, चिं. वि. भेटलेच नव्हते. त्याविषयी येथे सविस्तर लिहावे आणि जाणकारांची मते ऐकावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त अगदी घरगुती होते. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी काही आठवडे वाचन बंद ठेवायला सांगितले. रोज दुपारी दोन तास वाचल्याशिवाय जिला चैन पडत नाही, ती आमच्या सदाशिव पेठेतल्या घराच्या गॅलरीत काळा चष्मा लावून नुसती बसून राहू लागली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला चिमणराव वाचून दाखव." कपाटात तिच्या वडिलांची जुनी प्रत होती. शिवण उसवलेली होती आणि पानांच्या कडांचा हात लावला की भुगा होत होता. मी मोठ्याने वाचू लागले आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी मनात वाचताना कधी आली नसती. जिथे विनोदी वाक्य आहे असे मला वाटत होते, तिथे आई हसत नव्हती. तिचे हसू त्याच्या कितीतरी आधी सुरू होई. चिमणराव एखादा बेत अत्यंत गंभीरपणे, स्वतःच्या शहाणपणाची पूर्ण खात्री बाळगून सांगू लागले की ती हात वर करून मला थांबवायची आणि म्हणायची, "थांब गं, आता हा माणूस फसणार." माणूस पक्का ओळखीचा असल्यामुळे आलेले ते हसू होते. शब्दाच्या चमत्कृतीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. चिं. वि. कथा-कथा सुट्या वाचण्याचे लेखक नव्हेत, हे मला त्या गॅलरीत पटले.

आधी पुस्तकांची नावेच पाहा. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२चे, 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३चे. पुढे 'वायफळाचा मळा', 'ओसाडवाडीचे देव', 'रहाटगाडगं' आणि अखेरीस 'बोरीबाभळी'. एरंडाला रस नसतो, म्हणून एरंडाचे गुऱ्हाळ लावणे म्हणजे ज्यातून काही निघणार नाही असे बोलत बसणे. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, आणि लांबण लावणाऱ्याला आपण 'चऱ्हाट वळतोय' असे म्हणतो. वायफळ म्हणजे निरर्थक, आणि त्याचा यांनी मळा लावला. गाव वसवले ते ओसाड, झाडे राखली ती काटेरी. तीस वर्षांत लेखकाने नावानावाने एक शेतीच उभी केली आणि तिच्यात बाजारात भाव येईल असे एकही पीक घेतले नाही. ज्या काळात मराठीत कला श्रेष्ठ की जीवन श्रेष्ठ हा वाद हिरिरीने चालला होता आणि लेखकाने समाजाला काहीतरी द्यावे ही अपेक्षा उघडपणे बोलून दाखवली जात होती, त्या काळात 'माझ्याकडे एरंड आहे' असे मुखपृष्ठावर छापून मोकळे होणे ही केवळ नम्रता नव्हे. आत उपदेश मिळणार नाही, माणसे जशी आहेत तशी मिळतील, असे ते वाचकाला दिलेले वचन आहे, आणि चिं. विं.नी ते फार क्वचित मोडले, असे माझे वाचन सांगते.

नावांची दुसरी गंमत घरातली आहे. घरधनी चिमण, पत्नी काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. हे सगळे पाखरांचे घर आहे. लहानपणी प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली पहिली गोष्ट चिऊ-काऊची असते. एकाचे घर मेणाचे, एकाचे शेणाचे, पाऊस येतो आणि एक घर वाहून जाते. चिं. विं.नी चिऊ आणि काऊ यांना एकाच छपराखाली संसाराला लावले. बाहेरून पाऊस येतच असतो. कधी पाहुण्यांचा, कधी कचेरीतल्या साहेबाचा, कधी लग्नाच्या खटपटीचा, कधी चिमणरावांचे जोडीदार गुंड्याभाऊ यांच्या मदतीचा. घर गळते, पण वाहून जात नाही. एखादी कथा वाचून हे कळत नाही. दहावी, पंधरावी कथा वाचताना कळते, कारण मागच्या पावसात काय काय भिजले होते ते तोवर आपल्याला ठाऊक झालेले असते.

आता ज्यासाठी मुख्यतः हा धागा काढला त्या मुद्द्याकडे येते. चिं. वि. (१८९२–१९६३) पुण्यात जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, आणि तेथे धर्मानंद कोसंबी यांच्याकडे त्यांनी पालीचा, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेचा, अभ्यास केला. पुढे ते बडोद्याला पालीचे प्राध्यापक झाले आणि बडोदे संस्थानाचे दप्तरही त्यांनी सांभाळले. पटिसंभिदामग्ग या पाली ग्रंथावरची 'सद्धम्मप्पकासिनी' ही अट्ठकथा, म्हणजे टीका, त्यांनी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी तीन खंडांत संपादित केली. तिचा पहिला खंड निघाला १९३३ साली, म्हणजे 'चिमणरावाचे चऱ्हाट' निघाले त्याच वर्षी. एका टेबलावर हस्तलिखितांतील पाठभेद जुळवणे चालू आहे आणि त्याच टेबलावर चिमणरावांचा संसार लिहिला जात आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. आपण मात्र या दोन चिं. विं.ची कपाटे वेगळी केली. विनोदी लेखकाच्या परिचयात 'ते पालीचे गाढे अभ्यासक होते' असे एक वाक्य येते आणि तेथेच ते सोडून दिले जाते.

माझे म्हणणे असे की ही दोन कपाटे एकमेकांना लागून ठेवली पाहिजेत. जातककथांचे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांचे, त्यांनी मराठीत निवडक कथन केले आहे. मोह, लोभ, भीती आणि मोठेपणाची हौस माणसाला कशी नाचवते, हे त्या कथांत सांगितले जाते, पण नाचणाऱ्याचा द्वेष केला जात नाही. चिमणरावांकडे पाहण्याची चिं. विं.ची नजर नेमकी तशीच आहे. ते चिमणरावांना एकदाही वाचवत नाहीत, पण एकदाही लाथाडत नाहीत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. चिं. वि. १९६३च्या नोव्हेंबरात गेले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तके सर्वांसाठी खुली आहेत. कालक्रमाने लावलेली, टिपा असलेली, पालीवरचे मराठी लेखनही सामावून घेणारी समग्र आवृत्ती आता कोणालाही सिद्ध करता येईल. ती कशी असावी, यावर आपण बोलावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद – नारायणपेठकर

अतिशय मनापासून लिहिलेला धागा. पुस्तकांच्या नावांचा मुद्दा माझ्या कधीच ध्यानात आला नव्हता, आणि कपाटातल्या कण्यांवर ती नावे तर मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

माझी भर एवढीच की चिं. विं.चे वेगळेपण त्यांच्या आधीच्या दोघांशेजारी ठेवल्यावर अधिक उठून दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठीत विनोदी लेखाला बैठक दिली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांना हाताशी धरून त्यांनी रूढींची झडती घेतली. तेथे रूढी हे लक्ष्य होते आणि पात्रे ही त्या झडतीची साधने होती. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी बाळकराम या टोपणनावाने लिहू लागले तेव्हा कोटी आणि अतिशयोक्ती यांना असा बहर आला की वाचक वाक्यागणिक थबकतो. त्यांचे ते वैभव मला आजही थक्क करते. परंतु दोघांच्याही लेखनात लेखक वाचकापेक्षा हुशार आहे, आणि तो तसा आहे हे वाचकाला सतत जाणवत राहते.

चिं. विं.नी निवेदन चिमणरावांच्या हाती दिले आणि स्वतः खोलीबाहेर निघून गेले. चिमणरावांना आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही. ते स्वतःचा अनुभव प्रांजळपणे सांगत आहेत, जमल्यास इतरांना त्याचा उपयोग व्हावा अशी त्यांची इच्छाही आहे. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' या शीर्षकातच तो स्वर ऐकू येतो. गांधीजींचे सत्याचे प्रयोग ज्या पिढीने नुकतेच वाचले होते, त्या पिढीतला एक कारकून आपल्या ऐपतीइतके प्रयोग करून पाहतो आहे. 'माझे दत्तक वडील' या शीर्षकाचेही तेच. मुलगा दत्तक घेण्याची रीत सर्वांना माहीत आहे. एक शब्द बदलला आणि सगळी वारसाव्यवस्था डोक्यावर उभी राहिली, तरी सांगणाऱ्याचा आवाज जराही चढलेला नाही.

कोल्हटकर १९३४ साली गेले. त्याआधी चिं. विं.ची पहिली दोन्ही पुस्तके निघालेली होती. मराठी विनोदाचा सांधा बदलला तो याच दोन-तीन वर्षांत, असे मी मानतो.

प्रतिसाद – पालिपाठ

मी पालीचा विद्यार्थी आहे, त्यामुळे राहवले नाही.

जातकाची रचना ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक जातकात आधी वर्तमानातला प्रसंग येतो, मग त्यावरून बुद्ध मागील जन्मीची कथा सांगतात, तिच्यात गाथा गुंफलेल्या असतात, आणि शेवटी समोधान येते, म्हणजे त्या जन्मीचा अमका तो आजचा अमका, अशी ओळख पटवली जाते. पाचशे सत्तेचाळीस जातकांत तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. बुद्धांचा शिष्य आनंद भेटतो, त्यांचा विरोधक देवदत्त भेटतो. ते कधी राजा असतात, कधी व्यापारी, कधी माकड. वेष बदलतो, पण खोड बदलत नाही. ऐकणाऱ्याचा अर्धा आनंद याच ओळखीचा असतो. धागाकर्तीच्या आईंनी 'आता हा माणूस फसणार' असे म्हणणे आणि जातक ऐकणाऱ्याने 'हा देवदत्तच असणार' असे ओळखणे, यांत मला मोठे साम्य दिसते. गुंड्याभाऊ कोणत्याही कथेत, कोणत्याही कामासाठी शिरले तरी ते गुंड्याभाऊच राहतात, आणि त्यांचे हे अढळपणच कथेला गती देते.

मात्र एक सावधगिरी बाळगावी असे सुचवतो. चिमणरावांच्या कथा म्हणजे जातकांची मराठी रूपांतरे, असे कोणी यावरून म्हणू लागले तर ते चूक होईल. जातकाला शेवटी एक निष्कर्ष गाठायचा असतो. चिमणरावांना कोठेच जायचे नसते. चिं. विं.नी अभ्यासातून उचलली असेल तर ती कथनाची सवय आणि माणसांविषयीची क्षमा. संपादक म्हणून त्यांना जे शिकावे लागले असेल, ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते. अट्ठकथेचे संपादन म्हणजे एकेका प्रत्ययासाठी चार हस्तलिखिते समोर ठेवून निर्णय करणे. ज्याने हे वर्षानुवर्षे केले आहे तो मराठीत लिहितानाही जास्तीचा शब्द ठेवत नाही. त्यांच्या वाक्यांतून विशेषणे वगळून पाहा. वगळण्याजोगी फारशी सापडणार नाहीत.

प्रतिसाद – पडद्यामागून

दूरदर्शनवर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आलेली 'चिमणराव–गुंड्याभाऊ' मालिका पाहिलेल्या पिढीतला मी आहे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चेहरे मनात इतके पक्के आहेत की पुस्तक उघडले की तेच बोलू लागतात. त्याआधीच्या पिढीला १९४०च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटातले दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग असेच आठवत. दोन पिढ्यांना दोन निरनिराळ्या जोड्या आपल्याशा वाटल्या, याचे श्रेय नटांइतकेच मूळ लेखनाला आहे. समग्र आवृत्तीत या रूपांतरांवर एक टिपण अवश्य असावे.

प्रतिसाद – माजघर

येथवरचे सगळे पटले, तरी एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपण सगळे चिमणरावांविषयी आणि गुंड्याभाऊंविषयी बोलत आहोत. काऊविषयी कोण बोलणार?

काऊ आपल्याला दिसते ती चिमणरावांच्या नजरेतून. फसलेल्या बेतानंतर घर पुन्हा लावायचे असते, पाहुण्यांसाठी भाताचे आधण वाढवायचे असते, आजारी मुलापाशी रात्र जागायची असते. ही सगळी कामे कथेच्या कडेला होत राहतात आणि त्यांची नोंद बहुधा एखाद्या उपवाक्यात येते. माझ्या आजीने पुण्याच्या वाड्यात दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार केला. तिने ही पुस्तके आवडीने वाचली होती आणि तिला काऊविषयी जे ठाऊक होते ते पुस्तकात छापलेले नव्हते. चिमणरावांची फजिती तिला हसवत असे, पण ती फजिती निस्तरणारे हात कोणाचे, हे ती वाचता वाचता मोजत असे.

याने चिं. वि. लहान होत नाहीत. उलट, चिमणरावांसारखा निवेदक निवडल्यामुळे त्याला न दिसलेले वाचकाला दिसण्याची सोय त्यांनीच करून ठेवली आहे, असेही म्हणता येईल. पण त्यांचे जग प्रामुख्याने पांढरपेशा ब्राह्मणी मध्यमवर्गाचे आहे. वाड्याच्या दारापाशी येणारी आणि दारातूनच परतणारी इतर माणसे त्यात फार थोडी आहेत, आणि आली तरी ओझरतीच. समग्र आवृत्तीला जी प्रस्तावना लिहिली जाईल तिच्यात हे स्पष्ट लिहिलेले असावे. लेखकावर प्रेम असणाऱ्यांनीच ते लिहिले तर ते योग्य शब्दांत लिहिले जाईल.

प्रतिसाद – जुना मुद्रितशोधक

मी बरीच वर्षे मुद्रिते तपासण्याचे काम केले आहे. समग्र आवृत्ती काढायची तर सगळ्यांत आधी कोणता प्रश्न पुढे येईल, ते सांगतो. तो प्रश्न अनुस्वाराचा.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून गेले. चिं. विं.चे जवळजवळ सर्व लेखन त्याआधीचे आहे. त्यांच्या जुन्या प्रतींत 'घरांत', 'केलें', 'नांव', 'मीं म्हटलें' असे छापलेले असते, आणि नंतरच्या छपाईत बहुधा ते आजच्या नियमांप्रमाणे केलेले असते. हा फरक केवळ टिंबांचा आहे असे समजू नये. जुन्या लेखनात 'मी' ही प्रथमा आणि 'मीं' ही तृतीया. 'मी जातो' यात टिंब नाही, 'मीं पाहिलें' यात आहे. जो निवेदक प्रत्येक कथेत 'मी असे केले, मी तसे केले' हेच सांगत असतो, त्याच्या तोंडचे 'मीं' हे त्याच्या कर्तेपणाची खूण होते, आणि तो कर्तेपणा दर वेळी अंगाशी येतो. नियम म्हणून टिंब गेले ते ठीक झाले, मुलांचे शिकणे सोपे झाले. पण समग्र आवृत्ती ही मुलांच्या पाठ्यपुस्तकासारखी करायची नसते.

माझी सूचना अशी. छापील आवृत्तीचा मजकूर आजच्या लेखनात द्यावा, म्हणजे नवा वाचक अडखळणार नाही. मात्र लेखकाच्या हयातीतील शेवटच्या छपाईशी तो अक्षरशः ताडून पाहावा, आणि जुन्या लेखनातला मूळ मजकूर संगणकावर स्वतंत्र उपलब्ध ठेवावा. कित्येक कथा आधी मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून येत आणि पुस्तकात घेताना लेखक हात फिरवीत. तेथे दोन पाठ मिळाले तर दोन्ही जपावेत. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पाठभेद नोंदवले त्याचे पाठभेद आपण गाळले, असे होऊ नये.

टिपाही लागतील. आणे-पै, मॅट्रिकची परीक्षा, घोड्याचा टांगा, संस्थानी कचेरीची पदे, पगड्यांचे प्रकार हे आज विशीत असलेल्या वाचकाला सांगावे लागेल. टीप दोन ओळींच्या पुढे जाऊ नये. विनोदाखाली अर्धे पान टीप आली की विनोद दबून जातो.

प्रतिसाद – धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तीन गोष्टी मी लगेच स्वीकारते. 'माजघर' यांचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता. मी चिऊ आणि काऊ एकाच छपराखाली आहेत असे लिहिले, पण छपराची गळती कोण पुसते ते लिहिले नाही. 'पालिपाठ' यांची सावधगिरी रास्त आहे, मी साम्य म्हणते ते दृष्टीचे, आधाराचे नव्हे. आणि 'मीं'विषयी वाचल्यावर मी आजोबांची प्रत पुन्हा उघडली. ती १९६२च्या आधीची आहे. मी ती आठवडेच्या आठवडे मोठ्याने वाचली, पण टिंबे उच्चारात नसल्यामुळे माझी नजर त्यांच्यावरून सरकत गेली होती. आता एक पान समोर ठेवून मोजले, तर एकट्या त्या पानावर 'मीं' नऊ वेळा आहे.

कामाला सुरुवात म्हणून मी एक तक्ता करायला घेतला आहे. पुस्तकाचे नाव, पहिल्या आवृत्तीचे वर्ष, हाती असलेल्या प्रतीची आवृत्ती, आतील कथांची अनुक्रमणिका आणि कथा आधी कोठे छापून आली असल्यास त्याचा उल्लेख, असे रकाने आहेत. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावाचे चऱ्हाट' आणि १९४४चे 'आणखी चिमणराव' यांच्या अनुक्रमणिका उतरवून झाल्या आहेत. येत्या आठवड्यात पुणे मराठी ग्रंथालयात आणि पुणे नगर वाचन मंदिरात जाऊन तेथील जुन्या प्रती पाहणार आहे. ज्यांच्या घरी १९६२पूर्वीची कोणतीही प्रत असेल, त्यांनी कृपया तिच्या आतल्या मुखपृष्ठाचा आणि त्यामागच्या पानाचा फोटो येथे लावावा. प्रत फाटकी असली तरी चालेल, आणि पाने सुटलेली असली तर ती कोणती तेवढे लिहावे. जातककथांच्या आणि 'शाक्यमुनी गौतम' या पुस्तकाच्या जुन्या प्रती कोणाकडे असतील तर त्या मला विशेष हव्या आहेत.

आईचे डोळे आता स्वच्छ आहेत आणि वाचनाची बंदीही उठली आहे. ती पुन्हा स्वतः वर्तमानपत्र वाचते. चिमणराव मात्र अजूनही मलाच वाचायला सांगते, आणि आता काऊचे नाव आले की मी थांबते व तिला विचारते, तुझ्या आईने या जागी काय केले असते? काल त्या एका प्रश्नावर आमची सगळी दुपार गेली आणि पुस्तक दीड पानाच्या पुढे सरकले नाही.